कॉर्मोरंट इटॅलिक : तिरपं अक्षर कुठे लावावं, कुठे नाही

अर्धविराम

एका द्विभाषिक कवितासंग्रहाची मांडणी करतेय. डाव्या पानावर मराठी कविता, उजव्या पानावर तिचं इंग्रजी रूप. इंग्रजी बाजूला बरेच टाइप लावून पाहिले आणि कवितांच्या शीर्षकांसाठी व अर्पणपत्रिकेसाठी कॉर्मोरंट इटॅलिकवर येऊन थांबलेय. त्यानिमित्तानं हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉर्मोरंट हा ख्रिश्चन थालमान या स्विस माणसानं काढलेला सेरिफ टाइप (सेरिफ म्हणजे रेघांच्या टोकाला असलेले छोटे पाय). गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. प्रेरणा सोळाव्या शतकातला फ्रेंच अक्षरकोरक क्लोद गारामाँ याच्या अक्षरांची, पण अक्षरं नव्यानं रेखलेली. पाच वजनं आणि नऊ रूपं मिळून 45 फाइल्स आहेत. त्यातलं सरळ रोमन चांगलंच आहे, पण जीव सगळा इटॅलिकमध्ये.

नीट बघा. स्मॉल ए रोमनमध्ये दुमजली असतो, इटॅलिकमध्ये एका फटक्यात काढलेला. एफ रोमनमध्ये ओळीवर उभा राहतो, इटॅलिकमध्ये शेपटी खाली सोडतो. एन आणि एमच्या पायांना रोमनमध्ये सपाट सेरिफ असतात, इटॅलिकमध्ये त्या जागी लेखणी उचलतानाचा बारीक हिसका. अक्षरं अरुंद, पोटं लहान, वरच्या दांड्या उंच, आणि बारीक रेघ इतकी बारीक की मोठ्या आकारात लावल्याशिवाय ती कळतच नाही. म्हणजे हे सरळ अक्षर वाकवून केलेलं नाही. हे मुळात दुसरंच हस्ताक्षर आहे, आणि ते हस्ताक्षरासारखंच वापरलं पाहिजे असं माझं मत. जिथे कुणीतरी कुणाला उद्देशून बोलतंय तिथे ते शोभतं: अर्पणपत्रिका, शीर्षक, निमंत्रणातलं एखादं वाक्य. अख्खी कविता त्यात लावायचा मोह होतोय, पण हात आखडतोय.

तुम्ही कुठे वापरता? आणि डावीकडच्या मराठी शीर्षकाचं काय करावं?

सोलापुरी चादर

आम्ही वर्डमध्ये तो तिरपा आय दाबतो आणि झालं समजतो. आता कळलं की आय दाबल्यावर पलीकडे एवढं रामायण असतं. चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

खिळेजुळारी

छान विषय. मी छापखान्यात खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवले आहेत, त्यामुळे माझं इटॅलिकशी नातं बोटांचं.

इंग्रजी जॉबला रोमनची केस (खिळ्यांचा खणांचा ट्रे) एक आणि इटॅलिकची वेगळी. एका वाक्यात दोन शब्द इटॅलिक आले की उठून दुसऱ्या केसकडे जायचं. लेखकाला काय, हस्तलिखितात खाली रेघ ओढली की काम झालं. (खालची रेघ म्हणजे इटॅलिक, ही मुद्रितशोधनातली खूण अजून चालते.) इटॅलिकमध्ये सगळ्यात नाजूक प्राणी म्हणजे एफ. त्याचं डोकं पुढे आणि शेपूट मागे, दोन्ही खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतात. शेजारी आय किंवा एल आला की त्याच्या टोकाला धडकणार. म्हणून एफ-आय, एफ-एल हे जोडखिळे वेगळे ओतलेले असत. तरीही फर्मा (जुळवलेल्या पानांची चौकट) आवळताना किंवा मशीनवर दाब पडताना एफचं डोकं तुटायचंच. मराठीत वेलांटी आणि रफाराच्या लोंबत्या खिळ्यांची हीच रड होती, त्यामुळे आम्हाला सवय होती म्हणा.

आज संगणकावर एफ तुटत नाही, पण एफ-आय आपोआप जुळतोय ना ते पाहायला विसरू नका. शीर्षकाच्या आकारात न जुळलेला एफ-आय फार खुपतो.

शिरोरेषा

अर्धविराम, "मुळात दुसरंच हस्ताक्षर" हे अक्षरशः खरं आहे. थोडा इतिहास टाकते, कारण वापराचं उत्तर त्यातच आहे.

व्हेनिसमध्ये आल्डुस मानुशियस नावाचा विद्वान प्रकाशक होता. त्याच्यासाठी अक्षरं कोरायचा बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो. 1500 साली सिएनाच्या संत कॅथरीनच्या पत्रांचं पुस्तक निघालं, त्यातल्या चित्रात तिच्या हातातल्या पुस्तकावर आणि हृदयावर तिरप्या वळणाचे काही शब्द पहिल्यांदा दिसतात. पुढच्याच वर्षी, 1501 मध्ये, लॅटिन कवी व्हर्जिलचं काव्य अख्खं या अक्षरात छापलं गेलं. आकार छोटा, हातात मावणारा. म्हणजे पहिल्या इटॅलिकमध्ये जोर देण्याचा संबंधच नव्हता. सबंध मजकूर त्यातच होता. आणि कॅपिटल अक्षरं होती सरळ उभी! ती तिरपी व्हायला पुढची काही दशकं जावी लागली.

वळण आलं कुठून? त्या काळचे इटलीतले सुशिक्षित लोक भरभर लिहिताना जे वळण वापरत, तेच खिळ्यात उतरवलं. पुढे रोममध्ये पोपच्या कचेरीतला लेखनिक लुदोविको देल्यी आर्रिगी यानं 1522 साली ते वळण शिकवणारी छोटी पुस्तिका काढली, आणि नंतर स्वतः टाइपही केले. आज ज्याला आपण चान्सरी वळण म्हणतो ते हे.

कॉर्मोरंटच्या घराण्यातला खरा मोठा माणूस मात्र रोबेर ग्रांजाँ. फ्रान्समध्ये रोमनसाठी गारामाँचं नाव आणि इटॅलिकसाठी ग्रांजाँचं. फ्रँकफर्टचं 1592 चं प्रसिद्ध नमुनापत्रक (टाइपांचे नमुने दाखवणारा छापील कागद) आहे, त्यात रोमन गारामाँचं आणि इटॅलिक ग्रांजाँचं अशी जोडी छापलेली आहे. तोवर दोघांचा संसार एकाच पानावर सुरू झाला होता: मजकूर रोमनचा, आणि वेगळं सांगायचं असेल तिथे इटॅलिक.

कागदी घोडा

शाळेत ऐकलंय की कागद वाचवायला इटॅलिक काढलं. अरुंद अक्षर, जास्त मजकूर, स्वस्त पुस्तक. हे नाही आलं तुमच्या इतिहासात?

शिरोरेषा

आलं नाही कारण पटत नाही. अक्षर अरुंद आहे हे खरं. पण आल्डुसच्या त्या काव्याच्या पुस्तकांत कवितेची एक ओळ म्हणजे छापील एक ओळ, उजवीकडे समास मोकळा सोडलेला. अक्षर अरुंद केल्यानं तिथे ओळी कमी होत नाहीत. मग कागद वाचला कुठे? छोटा आकार आणि ओळखीचं सुंदर हस्ताक्षर, ही त्या पुस्तकांची खरी ओढ. ग्राहक सरदार-वकील-पंडित वर्गातले होते, खिसा चाचपणारे विद्यार्थी नव्हेत.

बाकी मसाला हवा असेल तर घ्या. या अक्षरावर आल्डुसनं व्हेनिसच्या राज्यसभेकडून हक्क मिळवला. म्हणजे कोरणारा ग्रिफो, आणि हक्क आल्डुसचा. दोघांचं फाटलं. ग्रिफो सोन्चिनो नावाच्या मुद्रकाकडे गेला आणि सोन्चिनोनं 1503 मध्ये पेट्रार्कच्या पुस्तकाच्या अर्पणपत्रात अक्षराचं खरं श्रेय ग्रिफोचं असल्याचं छापून टाकलं. तिकडे फ्रान्सात लिआँच्या छापखान्यांनी आल्डुसच्या पुस्तकांच्या सरळ नकला काढल्या. आल्डुस इतका चिडला की त्यानं नकली प्रतींतल्या चुकांची यादीच प्रसिद्ध केली. लिआँवाल्यांनी ती यादी घेऊन आपल्या पुढच्या प्रती दुरुस्त केल्या!

सोलापुरी चादर

फुकटचा मुद्रितशोधक 😂 पाचशे वर्षांपूर्वीही पायरसीवाले आपल्यापेक्षा हुशार.

कोरलवाला

पत्रिकेच्या धंद्यातला माणूस म्हणून जमिनीवरचं बोलतो. आमच्याकडे हल्ली पत्रिकेची इंग्रजी बाजू म्हटली की गिऱ्हाईक मोबाईलवरचा फोटो दाखवतं आणि दहातल्या सहा वेळा तो कॉर्मोरंट किंवा त्याचाच भाऊ असतो. नवरा-नवरीची नावं इटॅलिकमध्ये, मधला अँड म्हणून ते वळणदार चिन्ह मोठं करून. दिसतं झकास. इटॅलिकमधलं ते चिन्ह म्हणजे लॅटिन ई-टीची गाठच असते, रोमनमध्ये ती एवढी उघड दिसत नाही.

पण छपाईत ही बया रडवते. काही गोष्टी अनुभवाच्या:

सोनेरी फॉइल मारायचं असेल तर लाइट वजन विसरा. बारीक रेघेवर फॉइल एक तर बसत नाही, नाही तर शेजारच्या पोटात भरून येतं. सेमीबोल्ड घ्या आणि पोत असलेला कागद टाळा. चार रंगांत छापताना बारीक इटॅलिक मरून किंवा मेंदी रंगात देऊ नका. तो रंग दोन-तीन शाईंचा बनतो, प्लेट केसभर हलली की प्रत्येक अक्षराला सावली. एकतर नुसता काळा, नाहीतर स्पॉट रंग (आधीच मिसळलेली एकच शाई). गडद रंगावर पांढरं अक्षर काढायचं असेल तर शाई पसरून बारीक रेघा गिळते, तेव्हा आकार वाढवा आणि वजनही.

पत्ता आणि वेळ कॉर्मोरंट इटॅलिकमध्ये? हात जोडतो. आजोबांना हॉल सापडला पाहिजे. तो मजकूर साध्या टाइपात.

आणि सगळ्यात मोठं पाप: इटॅलिकची फाइल मशीनवर टाकलेलीच नसते आणि पोरं रोमन निवडून स्क्यू करतात, म्हणजे संगणकावर तिरपं ओढतात. बारा अंश ओढलं की झालं म्हणे. दुमजली ए तसाच दुमजली, वर कलंडलेला.

खिळेजुळारी

कोरलवाला, तुमची पोस्ट छापून छापखान्यात लावण्यासारखी. आमच्या वेळी धातू वाकवता यायचा नाही हेच बरं होतं.

कागदी घोडा

पण स्क्यू करणं एवढं पाप असेल तर मोठमोठ्या लोकांनीच ते का सुचवलं होतं? टाइम्स न्यू रोमन ज्याच्या देखरेखीखाली झाला त्या स्टॅन्ली मॉरिसननं 1926 मध्ये लिहिलं होतं की आदर्श इटॅलिक म्हणजे तिरपं केलेलं रोमन. मुद्दाम वाद घालतोय, पण मुद्दा खरा आहे.

शिरोरेषा

मुद्दा खरा आहे आणि छान आहे. मॉरिसनचं म्हणणं असं की इटॅलिक आता मजकुरात मदतनीस आहे, तर त्यानं रोमनपेक्षा फार वेगळा नाच करू नये. यान फान क्रिंपेन या डच आरेखकानं रोम्युलस टाइपात ते करूनही दाखवलं. निकाल काय लागला? पान नीटस दिसतं, पण तिरपा शब्द डोळ्यात पुरेसा भरत नाही. आणि टाइम्स 1932 मध्ये आला तेव्हा त्याचं इटॅलिक जुन्या पद्धतीचंच निघालं. तत्त्व मांडणाऱ्यालाही शेवटी पाळता आलं नाही असं मी म्हणेन.

शिवाय ते लोकसुद्धा प्रत्येक अक्षर हातानं पुन्हा रेखत होते. यंत्रानं ओढल्यावर उभ्या रेघा आणि गोलाईची जाडी बिघडते, ती ते सुधारत होते.

उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर इंग्लिश आरेखक एरिक गिलचा जोआना टाइप बघा. त्याचं इटॅलिक जेमतेम तीन अंश कललेलं आहे, तरी कुणीही इटॅलिक म्हणून ओळखेल, कारण ते अरुंद आहे आणि घडण लेखणीची आहे. आणि कॉर्मोरंटमध्येच अपराइट नावाचं रूप आहे: इटॅलिकची घडण, पण सरळ उभी. कल नसला तरी ते इटॅलिक वाटतं. कल हा इटॅलिकचा सगळ्यात कमी महत्त्वाचा गुण.

अर्धविराम

अपराइट मी पाहिलंच नव्हतं नीट. आत्ता लावून बघितलं, एका कवितेच्या उपशीर्षकाला मस्त बसतंय.

बोरूबहाद्दर

मराठी शीर्षकाचा प्रश्न मागे पडला, तो घेतो.

देवनागरीला इटॅलिक नाही. म्हणजे रोमनशेजारी बसून वेगळं काम करणारं, वेगळ्या घडणीचं दुसरं अक्षर परंपरेनं आलेलं नाही. त्यात आपल्या बोरूचं टोक लॅटिन लेखणीच्या उलट बाजूनं तिरकं छाटलेलं. त्यामुळे जाड-बारीक रेघांची दिशाच उलटी. लॅटिनमध्ये उजवीकडे कललं की लेखणीच्या ओघात जातं, देवनागरीत तसं होत नाही. संगणकानं ओढलं की काय होतं पाहा: शिरोरेषा आडवीच राहते, खालचे दंड कलतात, वरची वेलांटी आणि रफार उजवीकडे सरकून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातात, उकार डावीकडे पळतो. "कीर्ती" हा शब्द ओढून पाहा, मग बोलू.

तेव्हा डावीकडचं शीर्षक अजिबात तिरपं करू नका. उजवीकडे इटॅलिक जे काम करतं तेच काम डावीकडे दुसऱ्या साधनानं करा: वजन, आकार, रंग, मोकळी जागा.

अवांतर: आपली इटॅलिक म्हणजे मोडी. भरभर लिहायला झालेली, हात न उचलता, आणि बालबोध, म्हणजे आपली देवनागरी, ती रोमन. लोकांनी याचा विचार करावा.

कागदी घोडा

मोडीची तुलना ओढूनताणून वाटते. मोडी आणि बालबोध एका पानावर वेगवेगळी कामं करत होते का? नाही. मग इटॅलिक कसली?

बोरूबहाद्दर

होते की! शिवकालीन पत्र डोळ्यासमोर आणा. मजकूर मोडीत आणि वर मुद्रा "प्रतिपच्चंद्रलेखेव…" संस्कृतात, देवनागरीत. एक पान, दोन लिप्या, दोन कामं. फक्त उलटं: रोजचा मजकूर धावत्या अक्षरात आणि मानाची ओळ उभ्या अक्षरात. आल्डुसच्या व्हर्जिलमध्ये मजकूर धावता आणि कॅपिटल उभी, त्याच्याशी जुळतंय की नाही?

आणि मोडी खिळ्यातही आली होती. बंगालमधल्या सेरामपूरच्या विल्यम केरी या मिशनऱ्याचा मराठी कोश 1810 चा, त्यात मोडी टाइप आहेत. पुढे छापखान्यांनी बालबोध उचललं, मोडी हाताच्या लिखाणात राहिली. दोन्ही टाइप शेजारी नांदले असते तर आज आपल्याला जोर द्यायला शब्द ठळक करत बसावं लागलं नसतं. हे माझं स्वप्नरंजन, मान्य.

शिरोरेषा

स्वप्नरंजन आवडलं. तूर्तास अर्धविरामसाठी व्यवहार्य फॉन्टचं नाव: टिरो देवनागरी मराठी. ल आणि श मराठी वळणाचे आहेत, पुस्तकी बाज आहे आणि कॉर्मोरंटसारख्या नाजूक लॅटिनशेजारी ओरडत नाही. त्यात तिरपी शैलीही दिलेली आहे, पण कवितांच्या शीर्षकांना मी सरळच वापरेन.

एक काळजी घे. कॉर्मोरंटची स्मॉल अक्षरं फार बुटकी आहेत. दोन्ही पानांवर 18 पॉइंट लावलेस तर मराठी मोठं आणि इंग्रजी खुजं दिसेल. आकडे विसर, डोळ्यांनी जुळव. इंग्रजी दोन-तीन पॉइंट मोठं लागेल.

पर्णिका

मी वेबसाइटी करते, थोडी कडू बाजू सांगते. कॉर्मोरंट इटॅलिक आता इतका झालाय की योगवर्ग, साबण, दागिने, डेंटिस्ट, सगळ्यांच्या पहिल्या पानावर एक मोठं वाक्य आणि त्यातला एक शब्द तिरपा. टाइपचा काही दोष नाही, पण मला आता तो शब्द दिसला की पान बंद करावंसं वाटतं.

स्क्रीनवर मजकुरासाठी तर तो नाहीच. 16 पिक्सेलला बारीक रेघा राखाडी होतात, जुन्या मॉनिटरवर गायबच. ज्यांना त्याच घराण्याचं पण वाचनीय इटॅलिक हवं त्यांनी ईबी गॅरामॉन्ड घ्यावा. शिरोरेषाताईंनी वर सांगितलेला 1592 चा नमुना, त्यावरूनच तो गेओर्ग डुफ्नरनं सुरू केला. ईबी म्हणजे त्या नमुन्याशी जोडलेली दोन आडनावं, एगेनोल्फ आणि बेर्नर. त्याचं इटॅलिक ग्रांजाँचं, आणि अख्खी कविता त्यात लावली तरी डोळे शिणत नाहीत. अर्धविराम, तुझा मोह तिथे पुरव.

वेबवाल्यांसाठी: इटॅलिकची फाइल वेगळी जोडली नाही तर ब्राउजर स्वतःच रोमनला तिरपं करतो, कोरलवाल्यांच्या पोरांसारखंच. मराठी मजकुरात एम टॅग (शब्दावर जोर द्यायचा एचटीएमएल कोड) टाकला तरी तेच, मराठी बातम्यांच्या साइटवर ते कलंडलेले परिच्छेद दिसतात ना, ते यामुळे. ब्राउजरची ही आपोआप तिरपं करायची सोय, फॉन्ट-सिंथेसिस, बंद करा आणि मराठीसाठी एमला वजन द्या.

वनस्पतीवेडा

विज्ञानवाल्यांची बाजू कुणी मांडली नाही म्हणून. आमच्याकडे इटॅलिक शोभेला नसतं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव तिरपंच, नाहीतर परीक्षक गुण कापतो. आंबा म्हणजे मॅन्जिफेरा इंडिका, प्रजातीचं नाव कॅपिटलनं, जातीचं नाव स्मॉलनं, दोन्ही इटॅलिक. गणितातला एक्सही तिरपा. मराठी विज्ञानलेखात हीच नावं देवनागरीत लिहिली की तिरपं करावं का हा प्रश्न मला नेहमी पडतो. बोरूबहाद्दरांचं वाचून आता तरी करणार नाही.

एक गंमत: 1611 च्या किंग जेम्स बायबलात जे शब्द मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये नाहीत, फक्त इंग्रजी वाक्य पुरं करायला घातलेत, ते वेगळ्या टाइपात छापले. तेव्हा मजकूर काळ्या गॉथिक अक्षरात म्हणून ते शब्द रोमनमध्ये. पुढे मजकूर रोमन झाला तेव्हा तेच शब्द इटॅलिकमध्ये गेले. आजचा वाचक ते जोरानं वाचतो! छापणारा सांगत होता "हा शब्द मूळचा नाही", आणि ऐकणाऱ्याला वाटतं "हाच महत्त्वाचा".

खिळेजुळारी

अप्रतिम माहिती. म्हणून इटॅलिकचा अर्थ त्या पुस्तकाच्या सुरुवातीला ठरवून घ्यावा, नि मग मोडू नये. आमचे जुने फोरमन एका पुस्तकात इटॅलिकला दोन कामं दिलेली दिसली की फर्मा परत पाठवायचे.

अर्धविराम

खिळेकाका, हे लागू केलं. माझ्या पुस्तकात शीर्षक इटॅलिक आणि कवितेत आलेले मराठी शब्दही इटॅलिक, असं दोन ठिकाणी होतं. "ओवी", "वारी" हे शब्द आता सरळच ठेवतेय. कवयित्रीला विचारलं, ती म्हणाली तिला ते परके वाटतच नाहीत. शीर्षकं आणि अर्पणपत्रिका कॉर्मोरंट इटॅलिक मीडियम, उपशीर्षकं अपराइट, कविता ईबी गॅरामॉन्ड रोमन. मराठी टिरो.

अख्खी कविता इटॅलिकमध्ये फक्त एकच आहे, कारण ती पत्र म्हणून लिहिलेली आहे.

कोरलवाला

कागद कुठला? नॅचरल शेड (पिवळसर कागद) असेल तर मीडियमसुद्धा थोडा हलका उतरेल. एक पान आधी त्याच कागदावर त्याच मशीनवर काढून बघा, डिजिटल प्रूफवर विश्वास ठेवू नका.

सोलापुरी चादर

प्रश्न: या फॉन्टचे पैसे पडतात का? मेव्हण्याच्या हॉटेलचा मेनू करायचाय. आणि हो, भाव तिरपे लिहू का सरळ?

पर्णिका

कॉर्मोरंट आणि ईबी गॅरामॉन्ड दोन्ही खुल्या परवान्याचे. मेनू, पुस्तक, पाटी, विकायच्या वस्तू, सगळीकडे चालतात, फक्त फॉन्टची फाइल तेवढी वेगळी विकायची नाही. भाव सरळ. आणि कॉर्मोरंटचे आकडे मुळात जुन्या पद्धतीचे, वरखाली होणारे आहेत, रकान्यात एकाखाली एक बसत नाहीत. ओपनटाइपच्या (फॉन्टमधल्या जादा सोयींच्या) खिडकीत लाइनिंग (सारख्या उंचीचे) आणि टॅब्युलर (सारख्या रुंदीचे) आकडे निवडा.

सोलापुरी चादर

ती खिडकी वर्डमध्ये कुठे असते?

कोरलवाला

फॉन्टच्या चौकटीत अॅडव्हान्स्ड नावाचा दुसरा टॅब. तिथे नंबर फॉर्म्स आणि नंबर स्पेसिंग.